खिशातून थेट हृदयात

पेसमेकर शरीराच्या आत गेला तो जंतुसंसर्गाच्या धास्तीने. यंत्र आत बसवतात ते सोयीसाठी, बाहेर दिसू नये म्हणून, असं आज बहुतेकांना वाटतं. पण १९५७ सालचं अमेरिकेतलं मिनियापोलिस डोळ्यांसमोर आणा. तिथे वॉल्टन लिलेहाय हे शल्यचिकित्सक लहान मुलांच्या हृदयातले जन्मजात दोष दुरुस्त करत होते. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या ठोक्यांची लय बिघडे. मग हृदयाच्या स्नायूत एक बारीक तार अडकवून तिचं दुसरं टोक छातीच्या कातडीतून बाहेर काढत आणि विजेच्या यंत्राला जोडत. आधी हे यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. नंतर अर्ल बॅकन या तंत्रज्ञाने ट्रान्झिस्टर वापरून गळ्यात अडकवता येईल असं बॅटरीवरचं छोटं यंत्र बनवलं आणि मुलं वॉर्डात हिंडू-फिरू लागली. अडचण उरली ती तार कातडीतून बाहेर येई त्या भोकाची. तिथून जंतू तारेच्या कडेकडेने आत उतरत. काही दिवस, फार तर काही आठवडे हे निभावता येई, जन्मभर नाही.

स्टॉकहोममध्ये ऑके सेनिंग या शल्यचिकित्सकाने आणि रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने याच अडचणीवर उपाय शोधला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी अख्खं यंत्रच रुग्णाच्या शरीरात पुरलं. दोन ट्रान्झिस्टर आणि बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असा तो ऐवज इपॉक्सी राळेत गोठवलेला होता आणि साचा म्हणून वापरली होती बुटाच्या पॉलिशची डबी. रुग्ण होते ४३ वर्षांचे आर्ने लार्सन. ते दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत. ऑपरेशन व्हावं म्हणून त्यांच्या पत्नीने डॉक्टरांचा अक्षरशः पिच्छा पुरवला होता. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं, म्हणून दुसरं बसवलं. पुढे लार्सन यांच्या शरीरात एकामागून एक वीसहून अधिक पेसमेकर बसले. ते २००१ साली वयाच्या ८६व्या वर्षी गेले, तेही हृदयविकाराने नव्हे, तर त्वचेच्या कर्करोगाने. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही निवर्तले होते.

कातडीतलं भोक बुजलं. जंतूंचा मार्ग मात्र पुरता बंद झाला नाही, तो नुसता कातडीखाली गेला. तो कसा हे समजायला आजचा पेसमेकर शरीरात कसा बसतो ते पाहावं लागेल.

बहुधा डाव्या कॉलरबोनखाली भूल देऊन छोटा छेद घेतात आणि कातडी नि छातीचा स्नायू यांच्यामध्ये एक पोकळी तयार करतात. तिला पॉकेट, म्हणजे खिसाच, म्हणतात. त्या खिशात पाव-अर्धा तोळा नव्हे, चांगली वीस-तीस ग्रॅमची टायटॅनियमची चपटी डबी बसते. तिच्यात बॅटरी आणि सर्किट असतं. डबीतून निघालेली तार, डॉक्टर तिला लीड म्हणतात, जवळच्या शिरेत शिरते, वरच्या महाशिरेतून उतरते, हृदयाच्या उजव्या कर्णिकेत येते आणि त्रिदल झडपेतून जाऊन उजव्या जवनिकेच्या भिंतीत स्क्रूसारख्या टोकाने रुतते. कधी एक तार असते, कधी दोन, तर हृदय कमकुवत झालेल्यांसाठीच्या यंत्रात तीन. जीवघेणी लय ओळखून आतल्या आत झटका देणारं आयसीडी हे यंत्रही असंच बसतं. मायकेल मिरॉव्स्की या डॉक्टरांच्या चिकाटीतून १९८० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाला लावलं गेलं. त्याची तार आणखी जाड असते.

आता या रचनेकडे जंतूच्या बाजूने पाहा. तारेचं एक टोक कातडीखाली बोटभर अंतरावर आहे, दुसरं धडधडत्या हृदयात. दोन्हींमध्ये साधारण अर्ध्या मीटरचा सलग, गुळगुळीत, सिलिकॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा रस्ता आहे आणि त्यावर पहारा नाही. कारण प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो आणि रक्त नाही तिथे पांढऱ्या पेशी पोचायला वाव नाही. म्हणूनच खिशावरची लाली हा कातडीचा किरकोळ विकार समजणं ही या आजारातली सर्वांत महागडी चूक आहे. हा सगळा लेख म्हणाल तर एवढ्यासाठीच.

परकी वस्तू शरीरात असली की जंतूंचं बळ किती वाढतं, हे १९५७ सालीच लंडनमधल्या एलेक आणि कोनेन या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं होतं. बॅकनच्या गळ्यात अडकवायच्या यंत्राचं आणि या प्रयोगाचं साल एकच असणं हा निव्वळ योगायोग, पण विचार करायला लावणारा. एलेक आणि कोनेन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले. पुळी उठायला लाखोंच्या संख्येने जंतू टोचावे लागले. त्याच कातडीत रेशमी टाक्याचा धागा ठेवला तेव्हा काहीशे जंतू पुरले. इतका फरक एका धाग्याने पडतो, तर हातभर तारेने आणि डबीने किती पडेल!

हे जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरून. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा तुमच्या-माझ्या अंगावर जन्मभर राहणारा, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा जीव. त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकोकस ऑरियस अनेकांच्या नाकात मुक्काम ठोकून असतो. तो मात्र आक्रमक. यंत्राच्या संसर्गांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त या दोघांच्या घराण्याच्या नावावर आहेत. ऑपरेशनच्या वेळी यातले काही जंतू डबीवर किंवा तारेवर चिकटले की स्वतःभोवती एक चिकट थर विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर साचतो. पाणी बदललं, औषध टाकलं तरी तो जात नाही, शेवटी कुणाला तरी आत उतरून खरवडावाच लागतो. बायोफिल्मचंही तसंच आहे. तिच्यातले जंतू अर्धवट झोपेत असतात, हळूहळू वाढतात. प्रतिजैविकांचा मारा मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर चालतो. त्यामुळे रक्तात मोकळे फिरणारे जंतू ज्या मात्रेला मरतात, तिच्या शेकडो पट मात्रेलाही थरातले जंतू दाद देत नाहीत. गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, कारण रक्तातले जंतू मरतात. गोळ्या संपल्या की थरातून नवी तुकडी बाहेर पडते.

दुसरी वाट उलटी आहे. खिसा अगदी निरोगी असतो, पण शरीरात दुसरीकडे कुठे तरी जंतूंनी रक्तात शिरकाव केलेला असतो: मधुमेह्याच्या पायाची जखम, डायलिसिसचा कॅथेटर, हातात बरेच दिवस राहिलेली सलाइनची सुई, पाठीवरचं मोठं गळू. रक्तातून वाहणारा जंतू तारेवर बसतो. पेसमेकर असलेल्या माणसाच्या रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला, तर जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये यंत्रालाही लागण झालेली असते, असं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांना २००१ साली आढळलं. त्यांची रुग्णसंख्या लहान होती. पण तेव्हापासून अशा रुग्णाच्या बाबतीत यंत्र निर्दोष सिद्ध होईपर्यंत त्याच्यावर संशय ठेवायचा, असा शिरस्ता पडला.

तारेवर आणि झडपेवर जंतू, रक्त गोठताना बनणारं फायब्रिन हे प्रथिन आणि रक्तातल्या चकत्या (प्लेटलेट्स) मिळून लोंबती पुटं तयार होतात. हृदयाच्या आतल्या अस्तराच्या या संसर्गाला एंडोकार्डायटिस म्हणतात. एरवीचा एंडोकार्डायटिस बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूला होतो. तिथून सुटलेले तुकडे मेंदूत किंवा मूत्रपिंडात जाऊन अडकतात. पेसमेकरची तार उजव्या बाजूला असते. तिथून सुटलेला तुकडा जातो फुप्फुसात. म्हणून हा आजार हृदयाचा असूनही खोकला, दम, छातीत टोचणं आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग असा वेष घेऊन येतो. महिन्याभरात दुसऱ्यांदा ‘न्यूमोनिया’ झालेल्या पेसमेकरवाल्या आजोबांच्या बाबतीत ही शक्यता कुणाच्या तरी मनात यायला हवी. आपल्याकडे तर फुप्फुसावर डाग आणि संध्याकाळचा ताप म्हटलं की आधी क्षयाचीच आठवण होते, आणि पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्या रांगेने होतात. त्यात चूक काहीच नाही. पण सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, हे वाक्य त्या संभाषणात येतच नाही. घरच्यांनाही ती गोष्ट जुनी झालेली असते.

खिशाच्या बाजूने सुरू झालेला संसर्ग ओळखायला सोपा, पण त्याला फार सहज माफ केलं जातं. डबीवरची कातडी लाल होते, गरम लागते, दुखते, सुजते. कधी कातडी पातळ होत जाते, तिला जांभळट चमक येते, डबीचा कोपरा खालून उमटतो आणि एके दिवशी तो बाहेर डोकावतो. ताप नसेलही. रक्ताच्या तपासण्या ठीक येतील. पेशंट म्हणतो, शर्टाने घासलं असेल. ओळखीचा कम्पाउंडर मलम देतो. डॉक्टर पाच दिवसांचा कोर्स लिहून देतात, आणि खरोखर बरं वाटतं. डबी कातडीतून उघडी पडली की मात्र वाद संपतो. कोपरा टिचभर दिसत असो वा निम्मी डबी, सगळं यंत्र दूषित झालं असंच धरायचं. वरून टाके घालून ते झाकणं म्हणजे आत जंतू कोंडून घेणं.

दोन गोष्टी मोहात पाडतात आणि दोन्ही टाळायच्या. सुजलेल्या खिशात सुई घालून पाणी काढून पाहू, ही पहिली. त्या सुईने निर्जंतुक साचलेल्या रक्तातही जंतू जाऊ शकतात. दुसरी म्हणजे आधी अँटिबायोटिक सुरू करू आणि मग बघू. आधी ब्लड कल्चर, तेही एक नव्हे तर वेगवेगळ्या जागांहून घेतलेल्या दोन-तीन जोड्या, आणि नंतर औषध. हा क्रम उलटला की जंतू कल्चरमध्ये उगवत नाही आणि नेमकं औषध निवडता येत नाही.

भारतातल्या डॉक्टरांच्या नोंदींत आणखी एक वेगळा गट भेटतो. क्षयाच्या जंतूच्याच कुळातले, पण माती-पाण्यात राहणारे आणि झपाट्याने वाढणारे मायकोबॅक्टेरिया. फॉर्च्युइटम आणि अॅब्सेसस ही त्यांतली परिचित नावं. नळाच्या पाण्यातही ते असतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी खिसा पाझरू लागतो, नेहमीचं कल्चर कोरं येतं, नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. प्रयोगशाळेला मुद्दाम सांगितलं नाही तर त्यांचा पत्ता लागणं कठीण. सापडल्यावरही क्षयाचा नेहमीचा कोर्स त्यांच्यावर फारसा चालत नाही. वेगळी औषधं, तीही महिनोन् महिने, द्यावी लागतात.

तारेवरची पुटं पाहायला छातीवरून केलेला साधा इको अपुरा पडतो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, म्हणून तिच्यातून नळी घालून केलेला इको जास्त स्पष्ट दाखवतो. तरीही त्यात काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं होत नाही. उलट कित्येक निरोगी तारांवरही फायब्रिनचे धागे लोंबत असतात आणि ते उगाच घाबरवतात. अलीकडे किरणोत्सारी साखर टोचून काढलेला पेट-सीटी स्कॅन मदतीला आला आहे. जिथे दाह आहे तिथल्या पेशी साखर जास्त खातात आणि ती जागा पडद्यावर उजळते. एंडोकार्डायटिस ठरवण्याचे ड्यूक निकष १९९४ साली आले. २०२३ साली ते नव्याने लिहिले गेले तेव्हा हृदयातली यंत्रं आणि हा स्कॅन या दोन्हींना त्यांत मानाचं पान मिळालं.

निदान पक्कं झालं की उपचाराबद्दल जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत मतभेद नाही: डबी आणि सगळ्या तारा, पूर्णपणे, लवकर काढायच्या. संसर्ग फक्त खिशात असला तरी. त्यानंतर प्रतिजैविकं, खिशापुरतं असेल तर साधारण दोन आठवडे, झडपेपर्यंत गेलं असेल तर चार ते सहा आठवडे, शिरेतून.

एवढं एकमत असूनही ते प्रत्यक्षात उतरत नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. तिच्या नोंदींतल्या यंत्राचा संसर्ग झालेल्या ११ हजारांवर रुग्णांचा अभ्यास अलीकडे झाला. त्यांतल्या पाचांतल्या एकाहूनही कमी जणांचं यंत्र निदानानंतर महिन्याभरात काढलं गेलं होतं. ज्यांचं पहिल्या सहा दिवसांत काढलं, त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू स्पष्टपणे कमी होते. अर्थात जे फारच खंगलेले होते त्यांना कुणी हातच लावला नसेल, त्यामुळे सगळं श्रेय लवकर काढण्याला देता येणार नाही. तरीही विमा असलेल्या, सुसज्ज रुग्णालयांच्या देशात हे होत असेल, तर जिल्ह्याच्या गावाहून मुंबई-पुण्याला यायलाच आठवडा लागणाऱ्या आपल्या रुग्णाचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

उशीर होतो तो केवळ हलगर्जीपणामुळे नाही. जुनी तार काढणं खरोखर अवघड असतं. वर्ष-दोन वर्षांत शरीर तारेभोवती तंतूंचं आवरण विणतं. दहा वर्षांत ते शिरेच्या भिंतीशी, झडपेशी, हृदयाच्या स्नायूशी एकजीव होतं, कुठे कुठे त्यात कॅल्शियमही बसतं. ओढली तर तार तुटेल, नाहीतर शीर फाटेल. सुरुवातीच्या काळात तारेच्या बाहेरच्या टोकाला दोरी बांधून, कप्पीवरून वजन टांगून रुग्णाला दिवसच्या दिवस पलंगावर पाडून ठेवत. तार हळूहळू सुटेल ही आशा. कधी सुटेही.

आता तारेच्या पोकळ गाभ्यात एक सळई सरकवून ती आतून टोकापर्यंत घट्ट पकडतात, म्हणजे ओढीचं बळ नेमकं टोकाला लागतं. मग तारेवरून एक नळी चढवत नेतात. तिच्या तोंडाला फिरतं पातं तरी असतं किंवा अतिनील लेझरचे तंतू तरी. ही नळी आवरणाचे चिकटलेले धागे एकेक करून सोडवत पुढे जाते. सगळ्यांत धोक्याची जागा वरची महाशीर. ती पातळ असते आणि फाटली तर मिनिटांचा खेळ. म्हणून छाती उघडू शकणारा शल्यविशारद त्याच खोलीत तयार उभा हवा. फाटलीच तर आतून दाबून धरायला लांबट फुगाही आता मिळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपभरच्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत या शस्त्रक्रियेमुळे गंभीर गुंतागुंत झालेले १.७ टक्के होते आणि मृत्यू ०.५ टक्के. आकडा नगण्य नाही. पण संसर्ग झालेली तार तशीच ठेवून मोजलेला धोका याच्या कितीतरी पट आहे. हे कौशल्य मोजक्या केंद्रांत आहे आणि तिथेही ते सरावाने टिकतं, त्यामुळे वर्षाकाठी एखाद-दुसरी तार काढणाऱ्या ठिकाणी हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्र काढल्यावर ज्यांचं हृदय पूर्णपणे त्यावरच विसंबून असतं, त्यांना मधल्या काळात मानेच्या शिरेतून तात्पुरती तार घालून बाहेरच्या यंत्रावर ठेवतात. म्हणजे काही दिवसांपुरतं पुन्हा १९५७! नवं यंत्र बसवतात ते रक्त निर्जंतुक झाल्याची खात्री करून आणि शक्यतो दुसऱ्या बाजूला. पण त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की यंत्राची अजून गरज आहे का? बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं येतं, कारण मूळ कारण एव्हाना संपलेलं असतं किंवा ते तेव्हाच कच्चं होतं.

संसर्ग होतो किती जणांना? पहिल्यांदा यंत्र बसवताना शंभरात एकाच्या आसपास, चांगल्या केंद्रांत त्याहूनही कमी. यंत्र बदलताना किंवा त्यात तारा वाढवताना हे प्रमाण वाढतं. लोक म्हणतात, ‘फक्त बॅटरी बदलायची आहे.’ बॅटरी डबीत सीलबंद असते, म्हणून आठ-दहा वर्षांनी अख्खी डबी बदलावी लागते. ऑपरेशन छोटं असतं हे खरं, पण जुना खिसा म्हणजे व्रणाच्या ऊतीची पिशवी, रक्तपुरवठा जेमतेम, आणि क्वचित तिथे आधीच मुक्कामाला आलेले जंतू. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्टिरॉइडच्या गोळ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा ताप, आधी घातलेली तात्पुरती तार, यांनीही धोका चढतो. अंगात ताप असताना तारीख ठरली आहे म्हणून ऑपरेशन उरकू नये. ती तारीख पुढे ढकलता येते.

सगळ्यांत मोठा वैरी मात्र खिशात साचलेलं रक्त. जंतूंना त्याहून चांगलं खाद्य नाही. पूर्वी वॉरफेरीन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाचं ते औषध ऑपरेशनआधी थांबवून मधल्या दिवसांत हेपॅरीन या तशाच दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं देत. ते शहाणपणाचं वाटे. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१३ साली हे तपासून पाहिलं. हेपॅरीन दिलेल्यांपैकी १६ टक्क्यांच्या खिशात मोठी रक्ताची गाठ झाली. वॉरफेरीन न थांबवलेल्यांत ३.५ टक्क्यांच्या. पुढे त्याच रुग्णांवर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की अशी गाठ झालेल्यांना वर्षभरात गंभीर संसर्ग होण्याचा धोका सात पटींहून जास्त होता. काळजीपोटी केलेली गोष्ट कशी उलटते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचित मिळतं.

छेद घेण्याच्या तासभर आधी शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकाच्या एका डोसाने फायदा होतो, हे सिद्ध आहे. मग आणखी दिलं तर आणखी फायदा? साडेएकोणीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीत जास्तीची औषधं, खिसा धुणं आणि नंतरच्या गोळ्या हे सगळं देऊन पाहिलं. २०१८ साली निकाल आला: संसर्ग १.०३ टक्क्यांऐवजी ०.७८ टक्के, म्हणजे ठामपणे काही सांगता येईल एवढा फरक नाही. एक जास्तीचा कोर्स ‘सेफ साइड’ म्हणून लिहिणाऱ्यांनी आणि मागून घेणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. त्यापुढच्या वर्षी दुसरी चाचणी आली. प्रतिजैविकात भिजवलेली, काही आठवड्यांत विरघळणारी जाळीची पिशवी घेऊन तिच्यात डबी ठेवायची. मोठा धोका असलेल्या सुमारे सात हजार रुग्णांमध्ये गंभीर संसर्ग १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आला. चाळीस टक्के घट, असं जाहिरातीत छापता येतं. त्याचाच दुसरा हिशेब असा, की एकाचा संसर्ग टाळायला दोनशे जणांना ती महाग पिशवी घालावी लागते. सरसकट प्रत्येकाला ती लावण्याइतका हा हिशेब पटत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या, तिसऱ्यांदा खिसा उघडावा लागणाऱ्या रुग्णाला मात्र ती जरूर घालावी.

लोकांना भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. दात काढायचाय, आधी अँटिबायोटिक लागेल का? केवळ पेसमेकर आहे म्हणून लागत नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० सालीच सांगितलं आहे. कृत्रिम झडप असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी भीती आधी कुणी वापरलेलं यंत्र बसवून घेण्याची. दहनापूर्वी मृताच्या छातीतला पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. काढलेल्या डबीत पुष्कळदा काही वर्षांची बॅटरी शिल्लक असते. अमेरिकेत शिकागोच्या परिसरातल्या कुटुंबांनी दान केलेले असे पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले. २०११ साली त्याचा अहवाल आला तेव्हा त्यांत संसर्गाची नोंद नव्हती. ५३ हा आकडा काही सिद्ध करायला लहानच. २०२० साली माँट्रियलच्या डॉक्टरांनी मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, ग्वाटेमाला आणि होंडुरासमधल्या १,०५१ रुग्णांचा हिशेब मांडला: पुन्हा निर्जंतुक केलेल्या यंत्रांत संसर्ग २ टक्के, कॅनडातल्या नव्या यंत्रांत १.२ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. डबी आधी कुणाच्या छातीत होती, यापेक्षा ती कुणी, कशी, किती स्वच्छ खिशात बसवली याला महत्त्व जास्त, असं यावरून म्हणता येतं. जंतू पेटीतून येत नाहीत, कातडीवरून येतात.

खिसा आणि तार याच जर जंतूंच्या दोन वाटा, तर त्या काढूनच टाकाव्यात, हा विचार अभियंत्यांनी केला नसता तरच नवल. आयसीडीचा एक प्रकार असा निघाला की त्याची तार शिरेत न जाता बरगड्यांवरून कातडीखालूनच जाते. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. त्याच्या खिशालाही संसर्ग होतो, पण तार काढताना महाशीर फाटण्याची भीती नसते. पेसमेकरच्या बाबतीत उडी त्याहून लांब आहे. मोठ्या कॅप्सूलएवढा, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचा, बॅटरीसकट सगळा एकाच नळीत बसवलेला पेसमेकर जांघेतल्या शिरेतून नेऊन थेट उजव्या जवनिकेत आकड्यांनी अडकवतात. छातीवर छेद नाही, खिसा नाही, तार नाही. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या यंत्राला संसर्ग होणं आजवर फारच दुर्मीळ ठरलं आहे. आकार इतका लहान की काही महिन्यांत शरीर त्यावर आवरण विणून त्याला रक्तापासून जवळजवळ वेगळं करतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. डायलिसिसवर असलेल्या किंवा एकदा तार काढावी लागलेल्या रुग्णासाठी ही मोठीच सोय.

किंमत मात्र साध्या पेसमेकरच्या कितीतरी पट. शिवाय तिन्ही तारांचं काम ते करू शकत नाही आणि झटकाही देऊ शकत नाही. बॅटरी संपली की पुढे काय, हा प्रश्नही आहेच. भिंतीत रुजलेली जुनी कॅप्सूल बाहेर काढणं कठीण, त्यामुळे बहुधा ती बंद करून तिथेच ठेवायची आणि शेजारी दुसरी बसवायची, असा बेत असतो. सत्तरीतल्या माणसाला तो पुरेसा आहे. तिशीतल्या रुग्णाला पेसमेकर लागला तर त्याच्या जवनिकेत अशा किती कॅप्सूल मावतील, याचा विचार करून अनेक डॉक्टर त्याला अजून तारेचाच पेसमेकर सुचवतात.